पिल्लांच्या अंथरुणाचा विचार

कोंबडीपालनाचा जोडधंदा करणारा शेतकरी पिल्लांची जात, खाद्याचा कस आणि बाजारभाव यांचा जितका विचार करितो, त्याचा दहावा हिस्साही पिल्ले ज्या गादीवर उतरावयाची त्या गादीचा करीत नाही. शेड रिकामी झाली, भिंतींना चुना लागला, पिल्लांची गाडी चार दिवसांत येणार असा निरोप आला, की मग गादीची आठवण होते. आणि त्या घाईत जे जवळ मिळेल व स्वस्त पडेल ते आणून पसरले जाते. सुपा व त्याच्या भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर आता कोंबड्यांच्या शेडी थोड्याथोडक्या नाहीत. अशा ठिकाणी ही रीत चालू राहणे नुकसानीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हल्ली मांसल कोंबड्यांचा बराचसा धंदा कराराने चालतो. ही पद्धत १९९० नंतरच्या दशकात तामिळनाडूतील कोइमतूर भागात चांगली रुजली व पुढे आपल्याकडे आली. तीत एक दिवसाचे पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, लस व औषधही कंपनीचे. शेतकऱ्याची शेड, वीज, पाणी, मेहनत आणि गादी. मोबदला तयार पक्ष्याच्या वजनावर मिळतो, आणि मरतूक किती झाली व खाद्य किती लागले हे पाहून तो कमीजास्त होतो. म्हणजे पिल्लाच्या अंगाला प्रत्यक्ष लागणाऱ्या वस्तूंपैकी पाणी सोडले, तर शेतकऱ्याने स्वतः निवडून स्वतःच्या पैशाने आणावयाची वस्तू गादी हीच एक उरते. तिच्यातच आपण हयगय करितो, आणि मरतूक वाढली की पिल्ले कमकुवत होती असे म्हणतो. पिल्ले कमकुवत येत नाहीत असे आमचे म्हणणे नाही, कित्येकदा येतातही. परंतु कंपनीच्या माणसापुढे ते ठामपणे बोलावयाचे, तर आपल्या शेडीत बोट ठेवण्यास जागा असता कामा नये.

काही जुने गृहस्थ विचारतात, की आमच्या घरी खुडूक कोंबडी डालग्याखाली बसे, तिच्याखाली थोडी राख नाहीतर मूठभर गवत असे, आणि पिल्ले जगत. मग आताच हे सोवळे कशाला? प्रश्न वाजवी आहे, आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. कोंबडीच्या पोटाखाली आठदहा पिल्ले असत. ऊब वरून, आईच्या अंगातून मिळे. दुसऱ्यातिसऱ्या दिवसापासून आई त्यांना घेऊन उकिरड्यावर, खळ्यावर हिंडे. विष्ठा दहा ठिकाणी पडे व उन्हाने वाळून जाई. ब्रूडर म्हणजे कृत्रिम दाई. हिच्याखाली पाचशे पिल्ले एका गोलात असतात. ती अहोरात्र त्याच गादीवर खातात, पितात, हगतात व निजतात, आणि नाक जमिनीपासून दोन बोटांवर ठेवून तिथलीच हवा घेतात. आई फिरती होती, दाई एका जागी बसलेली आहे. म्हणून आईच्या काळी जे अंथरूण चालले ते दाईखाली चालेलच असे नाही.

नुकतेच निघालेले पिल्लू सुमारे चाळीस ग्रॅम वजनाचे असते. त्याच्या पोटात अंड्यातील बलकाचा अंश शिल्लक असल्यामुळे ते दोनतीन दिवस तगू शकते, व म्हणूनच ते दूरच्या उबवणी केंद्रातून गाडीने आणता येते. मात्र त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात दाईखाली ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते व ती दर आठवड्यास सुमारे ५ अंशांनी उतरवीत जावी, हे बहुतेकांस ठाऊक आहे. पण दिवा लोंबकळवून वरची हवा तापविली आणि खालची गादी थंडगार राहिली, तर पिल्लाच्या पायांतून व पोटातून ऊब निघून जाते. पौषमाघात सुप्याच्या माळावर रात्री जो गारठा पडतो, त्यात निदान एक दिवस आधी दाई पेटवून गादी तीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून ठेविली पाहिजे. गाडीतून उतरलेल्या पिल्लाचा पाय आपल्या गालास लावून पाहावा. थोड्या वेळाने तोच पाय पुन्हा गालास लावला असता गार लागला, तर गादीत ऊब नाही असे समजावे.

दुसरी गोष्ट, हे पिल्लू अन्न डोळ्यांनी व चोचीने शिकते. भरडा कोणता आणि लाकडाचा भुसा कोणता हे त्यास पहिल्या दोनतीन दिवसांत कळत नाही. जे बारीक व सुटे दिसेल ते टिपते. भुशाने भरलेले पोट भुकेलेच राहते, व कधी खाण्याची वाट अडून पिल्लू मरते. म्हणून पहिले तीन दिवस गादीवर जाड, खरखरीत कागद अंथरून त्यावर थोडे खाद्य भुरभुरावे. गुळगुळीत वर्तमानपत्राचा कागद वापरू नये. त्यावर पाय घसरून दोन्ही बाजूंस फाकतात, आणि असे पिल्लू पुन्हा क्वचितच सरळ उभे राहते. कागद जो घालावा तो तीन दिवसांनंतर काढलाच पाहिजे. खाली ओल धरून ठेविलेला कागद हा काहीच न घालण्यापेक्षा वाईट.

तिसरी गोष्ट ओलीची, आणि खरे रोग येथूनच उद्भवतात. पक्ष्याच्या विष्ठेतील यूरिक आम्लावर ओलीत वाढणारे जंतू काम करितात व त्यातून अमोनिया वायू निघतो. तो पिल्लांच्या डोळ्यांस व श्वासनलिकेस झोंबतो आणि इतर रोगांना वाट करून देतो. रक्ती हगवणीचे बीजही विष्ठेतून पडते तेव्हा तत्काळ बाधत नाही. ऊब व ओल मिळाली की एकदोन दिवसांत ते पिकते, व मग चोचीवाटे पोटात गेले की पिल्लू बाधते. गादी कोरडी असली तर त्यातील पुष्कळसे पिकतच नाही. न भरलेल्या बेंबीतून होणारा दाहही घाणेरड्या, ओल्या अंथरुणाचाच परिणाम असतो. शिवाय बुरशी. तिच्या कणांनी फुफ्फुसे धरतात, पिल्लू चोच वासून धापा टाकते, बहुधा घशातून आवाजही करीत नाही, आणि पहिल्या दोनतीन आठवड्यांतच माना टाकू लागते. या रोगास ब्रूडर न्युमोनिया म्हणतात. त्यावर कळपाला देण्याजोगे व परवडणारे औषध नाही; अंथरूण काढून टाकणे हाच उपाय, आणि तोही मेलेल्यांच्या उपयोगाचा नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बुरसटलेला माल उन्हात वाळविला म्हणजे शुद्ध झाला, असे पुष्कळांस वाटते. वाळल्याने बुरशीची वाढ थांबते, पण तिचे कण मरत नाहीत. उलट ते धुळीसारखे सुटे होऊन अधिकच हवेत उडतात. चांगला माल वाळवून ठेवावा. बुरसटलेला माल उकिरड्यावर टाकावा.

आता प्रत्यक्ष वस्तूंकडे वळू. भाताचे तूस हे आपल्याकडील सर्वांत सोयीचे अंथरूण आहे. ते सुटे राहते, सहसा गठ्ठा धरीत नाही आणि गिरणीतून कोरडे निघते. फारसे पाणी शोषीत नाही हा त्याचा दोष. पण दोनअडीच इंच जाडीचा थर घालून रोज हलविला व भांड्याभोवतीची ओली जागा उचलली, तर हा दोष जाणवत नाही. आपल्या तालुक्यात भात नाही, परंतु आपल्याच जिल्ह्यात अकोल्याकडे आहे, आणि पुण्याच्या बाजूस मावळ व जुन्नरच्या पश्चिम भागात आहे. अडचण एवढीच, की विटांच्या भट्ट्या व कारखान्यांचे बॉयलर हेच तूस जाळण्यास घेतात, त्यामुळे ज्याला ऐनवेळी हवे त्याला ते महाग मिळते. याविषयी पुढे लिहिले आहे.

तुसाच्या तोडीची, किंबहुना ओल शोषण्यात सरस अशी दुसरी वस्तू म्हणजे सुताराच्या रंध्याखाली निघणाऱ्या पातळ, गुंडाळी झालेल्या ढलप्या. मात्र त्या साध्या, न रंगविलेल्या, न तेललेल्या लाकडाच्या असाव्यात. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाच्या नकोत. करवतीचा बारीक भुसा ही निराळी वस्तू आहे, आणि दोन्हींस आपण 'भुसा' या एकाच नावाने हाक मारतो म्हणून घोटाळा होतो. वखारीतला भुसा बहुधा ओल्या लाकडाचा असतो, ढिगात तापतो, बुरसटतो. वाळला तर त्याची धूळ होते व पिल्ले तो खातात. पहिल्या तीन आठवड्यांत तो दाईखाली घालू नये. पुढे मोठ्या पक्ष्यांखाली, चांगला वाळलेला असल्यास, मिसळून चालेल.

भुईमुगाच्या टरफलांचा मोह आपल्या भागात साहजिक आहे. टरफले हलकी व शोषक असतात, पण त्यांत फुटके, पोचट दाणे राहतात आणि त्यांवर बुरशी फार लवकर धरते. १९६० साली इंग्लंडात टर्की पक्ष्यांची लाखाच्या घरात मरतूक झाली, तिचे मूळ बुरसटलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडले, व त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. कोंबडीचे पिल्लू टर्की किंवा बदकाच्या पिल्लाइतके या विषास नाजूक नाही हे खरे. तरी टरफले घ्यावयाचीच तर त्याच हंगामातील, चाळलेली व दाणे काढलेली घ्यावीत. पावसाळा पाहिलेली घेऊ नयेत. मक्याच्या बुरकुंडांच्या भरड्यासही हाच नियम.

उसाच्या बगॅसविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. साखर कारखान्यांनी भरलेल्या जिल्ह्यात हे मत काहींना रुचणार नाही. बगॅस पाणी पुष्कळ शोषते, पण तितक्याच लवकर त्याची पोळी होते, व त्यात साखरेचा अंश असल्यामुळे त्यावर बुरशी जोमाने वाढते. जुन्या, तापलेल्या बगॅसची धूळ श्वासात गेल्याने मजुरांना फुफ्फुसाचा जो विकार होतो, त्यास बगॅसोसिस असे नावच पडले आहे. जे माणसाच्या छातीस बाधते ते चाळीस ग्रॅमच्या पिल्लास बाधल्याशिवाय कसे राहील? शिवाय कारखाने आता त्यापासून वीज करितात, तेव्हा ते पूर्वीसारखे फुकटातही मिळत नाही.

गव्हाचे काड इंचभर कापून घातले तर चालते. लांब काड चालत नाही, ते चिकटून पोळी होते. कडबा, सरमड व डाळींची गुळी यांचा येथे विचारच नको. २०१२-१३ व २०१८-१९ या दुष्काळी वर्षांत ज्या जिल्ह्याने आपली जनावरे छावणीच्या दावणीला बांधली, त्याने वैरण कोंबड्यांखाली पसरावी हे बरे दिसत नाही. वाळू कोरडी असते खरी, पण जड व गार. थंडीत ती तापविण्यासच निराळे जळण लागते.

यानंतर ज्या प्रश्नासाठी मुख्यत्वे हा लेख लिहावयास घेतला, तो. सुप्यास औद्योगिक वसाहत झाली, ती वाढली, परदेशी कारखानेही आले. यंत्रे व सुटे भाग ज्या लाकडी खोक्यांतून व फळ्यांच्या पाटांवरून येतात, त्यांचे लाकूड भंगारात निघते; त्यावर रंधा व करवत चालते, आणि तो भुसा व त्या ढलप्या अल्प दरात, कधी नुसत्या वाहतुकीच्या खर्चात, शेडीपर्यंत पोहोचतात. लाकूड दिसावयास स्वच्छ, पांढरे व कोरडे असते. म्हणून शेतकऱ्यास वाटते, की यापरते उत्तम अंथरूण कोणते?

आमचे म्हणणे असे, की ज्या लाकडाचा पूर्वेतिहास सांगणारा कोणी नाही ते पिल्लांखाली घालू नये. अशा खोक्यांवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह व काही अक्षरे असलेला शिक्का असतो. त्यातील 'एच.टी.' म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापविले आहे, 'एम.बी.' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिली आहे. हा शिक्का लाकडातील कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये एवढ्यापुरताच आहे. त्या फळीवर पुढे यंत्राचे तेल गळले, रंग सांडला, एखाद्या रसायनाचे पिंप फुटले, तर तो शिक्का त्याविषयी काही सांगत नाही. आणि एकदा फळीचा भुसा झाला की शिक्काही गेला व डागही गेला. त्यातच प्लायवूड व दाबलेल्या भुशाच्या पाट्या मिसळल्या, तर त्यांतील फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंकही आला. लाकूड टिकावे म्हणून लावलेल्या औषधांचा धोका तर पूर्वी सिद्ध झालेला आहे. इंग्लंडात १९६० नंतरच्या काळात काही शेडींतील कोंबड्यांच्या मांसास कुबट वास येऊ लागला. शोधाअंती असे दिसले, की गादीच्या ढलप्यांत पेंटाक्लोरोफिनॉल व त्याच्या जातीची लाकूडरक्षक औषधे होती, आणि गादीतील बुरशीने त्यांचेच त्या वासाच्या द्रव्यांत रूपांतर केले होते. पक्षी मेले नव्हते, पण माल खाण्याजोगा राहिला नाही. अशा प्रसंगी आपल्याकडे कोण कोणास जाब विचारणार? करारात गादी शेतकऱ्याची असते.

वसाहतीशी आमचे वैर नाही. तेथे आपल्याच घरची मुले कामास जातात. ज्या सुतारशाळेत केवळ नवे, साधे लाकूड रंधले जाते, तिच्या ढलप्या जरूर घ्याव्यात. मात्र स्वतः जाऊन लाकूड पाहावे, आणि पोत्यात रंगीत तुकडा, खिळा वा तेलाचा वास आढळला तर ते पोते परत करावे. खिळे व तारेचे तुकडे हाही लहान धोका नव्हे, पिल्लू चकाकणारी वस्तू आधी टिपते.

गादी पुन्हा वापरण्याविषयी दोन शब्द. काही सुशिक्षित तरुण सांगतात, की अमेरिकेत एकाच गादीवर कित्येक खेपा काढतात. गोष्ट खरी आहे. १९४० नंतरच्या दशकात ओहायो राज्याच्या शेतकी प्रयोगकेंद्रात जुन्या, मुरलेल्या गादीचे काही फायदेही दाखवून दिले गेले. परंतु तेथे दोन खेपांमध्ये पोळी झालेला थर यंत्राने काढतात, हवा खेळवून गादी वाळवितात, आणि पुष्कळ ठिकाणी दाईखालच्या भागात नव्या ढलप्यांचा थर देतात. आपण यांतील काही न करता केवळ तुसाचे पैसे वाचावेत म्हणून जुन्यावर पिल्ले सोडणार असू, तर तो ओहायोचा धडा नव्हे. दुसऱ्याच्या शेडीतील गादी किंवा तिची रिकामी पोती तर मुळीच आणू नयेत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरास बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो पक्षी मारून पुरावे लागले; अशा साथीत पक्ष्यांबरोबर खत, पोती व चपला हीही रोगाची वाहने असतात.

परीक्षा अवघड नाही. मूठभर गादी घट्ट दाबून मूठ उघडावी. गोळा तसाच राहिला तर ओल अधिक. गोळा होऊन हळूहळू उकलला तर ठीक. मुळीच न जुळता धूळ उडाली तर फार कोरडी, व तीही पिल्लांच्या श्वासास बरी नव्हे. नवा माल विकत घेताना थोडा नमुना झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवून सकाळी वास घ्यावा. अमोनियाची परीक्षा मात्र उभ्याने करू नये. आपले नाक जमिनीपासून पाच फूट वर असते. गुडघे टेकून पिल्लांच्या उंचीवर श्वास घ्यावा, म्हणजे ती कोणत्या हवेत आहेत ते कळेल. आणखी एक खबरदारी: वीज गेली म्हणून कोळशाची शेगडी ठेवितात, ती विटांवर व पत्र्यावर ठेवावी, भोवतीची गादी हातभर सारावी, आणि धूर व विषारी वायू जाण्यास वाट ठेवावी. कोरडे तूस पेटावयास ठिणगी पुरते.

खर्चाचा हिशेब पाहू. पाच हजार पिल्लांस सुरुवातीस प्रत्येकी अर्धा चौरस फूट धरला, तर अडीच हजार चौरस फूट जागा झाली. तीवर दोन इंच थर म्हणजे सुमारे सव्वाचारशे घनफूट तूस. वजनाने ते सव्वा टनाच्या आसपास भरते. पुढे सर्व शेड मोकळी करिताना तितकेच आणखी लागेल, पण त्या वेळी पक्षी मोठे झालेले असतात व थोडा हलका माल मिसळता येतो. म्हणजे नाजूक काळासाठी जो उत्तम माल हवा तो केवळ सव्वा टन आहे. एवढ्यासाठी फुकटच्या अनोळखी भुशाचा धोका पत्करणे व्यवहाराला धरून नाही.

आता राहिला तुसाच्या भावाचा प्रश्न. एकएकटा शेतकरी भाद्रपदात गाडी शोधू लागला, तर भट्टीवाल्याशी स्पर्धा करून ओले तूसच त्याच्या पदरी पडते. अकोल्याकडील भात कार्तिकात निघते आणि गिरण्या त्यानंतर जोरात चालतात. आमची सूचना अशी, की आपल्या संघाने सभासदांची मागणी पौषाच्या आत नोंदवून घ्यावी, गिरणीवर माणूस पाठवून कोरडा माल एकदम खरेदी करावा, व तो वैशाखापूर्वी गोदामात आणावा. पोती जमिनीवर न ठेविता फळ्यांवर ठेवावीत, भिंतीपासून हातभर अंतर सोडावे, व उंदीर-घुशींचा बंदोबस्त करावा, कारण त्यांच्या लेंड्यांतून येणारे जंतू पिल्लांस बाधतात. घरी पंचवीसपन्नास गिरिराज वा गावठी पिल्ले वाढविणाऱ्या बायाबापड्यांनाही त्यातील एकदोन पोती त्याच भावाने मिळावीत. त्यांना गाडीभर माल घेता येत नाही, आणि त्यांची दहा पिल्ले मेली तर भरून देणारा कोणी नसतो. पुढील मासिक सभेत ही मागणी नोंदविण्याची वही ठेविली जावी, अशी आमची संघाच्या चालकांस विनंती आहे.